रात्रीच्या डाइव्हला जाण्यापूर्वी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीच्या स्कूबा डाइव्हचा कोर्स ठरला हे वाचून आनंद झाला. दिवसाच्या डाइव्हचं तुला ठाऊक आहे, त्यामुळे फक्त काळोखाने काय बदलतं तेवढंच लिहिते. बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, कुठे आहे, तळ किती खाली आहे, आपण नकळत वर सरकतोय का, हे सगळं दिवसा डोळे आपसूक बघत असतात. रात्री ते काम टॉर्च, खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह-कम्प्युटर आणि खाली सोडलेली दोरी यांच्याकडे जातं. म्हणून तयारीचा मोठा भाग किनाऱ्यावरच होतो.

दिवे तीन हवेत. मुख्य टॉर्च मनगटाच्या दोरीला, राखीव टॉर्च बीसीडीला (हवा भरून तरंगायच्या जाकिटाला) अशा जागी की न बघता हात पोचेल, आणि हवेच्या टाकीच्या व्हॉल्व्हवर छोटा खुणेचा दिवा, म्हणजे मागून येणाऱ्याला तू दिसतेस. लुकलुकणारा दिवा खुणेसाठी लावू नकोस, तो संकटाची खूण म्हणून ओळखला जातो. टॉर्चमध्ये पाणी जाण्याचं नेहमीचं कारण ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरतं. रिंग काढून पूस, खोबणही पूस, आणि सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येईल इतकंच लाव. जास्त ग्रीस वाळूच धरून ठेवतं. मोठा एलईडी टॉर्च पाण्याबाहेर फार वेळ चालू ठेवायचा नाही, त्याला थंड ठेवणारं पाणीच असतं. चार्जिंग मात्र जागेपणी आणि नजरेसमोर. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' या डाइव्ह-बोटीला रात्री आग लागून ३४ माणसं गेली. आगीचं नेमकं कारण निश्चित झालं नाही, पण झोपलेल्या बोटीवर बॅटऱ्या चार्ज होत राहू देऊ नयेत, हे माझं ठाम मत आहे.

जागा अशी निवडा की त्याच दिवशी उजेडात तिथे उतरून झालेलं असेल. पहिल्या डाइव्ह मावळतीला सुरू करा आणि १०-१२ मीटरपेक्षा खोल जाऊ नका. किनाऱ्यावरून उतरत असाल तर दोन दिवे एकामागे एक, मागचा थोडा उंच ठेवा. परतताना ते एका रेषेत दिसले की वाट बरोबर आहे. होकायंत्रावरचा परतीचा कोन उतरण्याआधीच ठरवा.

उतरताना दोरी किंवा उतार धरा. मोकळ्या काळ्या पाण्यात खाली-वर कळेनासं होतं, गरगरतं. तसं झालं तर दोरी धर, बुडबुडे कुठे जातात ते बघ आणि कम्प्युटरवरची खोली वाच. ती स्थिर असेल तर तूही स्थिर आहेस. तळाशी गाळ उडवलास तर त्याचे कण झोतात चमकून समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून फिन (पायातले वल्हे) बेडकासारखे आडवे मार.

खुणा पाण्यात जाण्याआधी बडीशी पक्क्या करा. सावकाश गोल म्हणजे ठीक आहे. झोत आडवा, झपाझप हलवला तर इकडे बघ, अडचण आहे. हाताची खूण करायची तर हात छातीपाशी धरून त्यावर उजेड टाक. बडीच्या तोंडावर झोत कधीच नको. अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात.

बडी दिसेनासा झाला तर टॉर्च विझवू नकोस, छातीशी धरून झाक. मग सावकाश पूर्ण गोल फिर, वरही बघ, खालीही बघ; त्याच्या दिव्याची आभा दिसेल. एका मिनिटात दिसला नाही तर नेहमीच्या वेगाने वर ये, तोही तसंच करणार हे आधीच ठरलेलं असावं. मुख्य टॉर्च गेला तर राखीव लाव, बडीला सांग आणि डाइव्ह तिथेच संपव. राखीव टॉर्च हा परतीसाठी असतो, फिरण्यासाठी नाही.

हवेचा हिशेब दिवसापेक्षा कडक ठेव. काळोखात श्वास वाढतो आणि बोट शोधायला वेळ जातो. टाकीतल्या हवेचा दाब २०० बार असताना सुरुवात केलीस तर १३५ ला वळ, आणि ७० बार हातात ठेवून पृष्ठभागावर ये. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. एक हात डोक्यावर आणि झोत वर, म्हणजे बोटीचा तळ आधी दिसेल. पृष्ठभागावर आल्यावर आधी बीसीडी फुगव, मग टॉर्च स्वतःच्या डोक्यावर मार. बोटीवाल्यांच्या डोळ्यांवर नको.

पॅरटफिश रात्री चिकट द्रवाच्या पारदर्शक कोशात झोपलेले दिसतील, त्यांच्यावर झोत रोखून धरू नकोस. लायनफिश मात्र तुझ्या उजेडात सापडलेले छोटे मासे टिपायला मागे मागे येतात. त्यांचे काटे विषारी असतात, म्हणून मागे सरकण्याआधी वळून बघ आणि हात तळावर टेकवू नकोस. काटा लागलाच तर डाइव्ह संपवून तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

रात्री लवकर गारठायला होतं. ५ मिमीचा सूट हवा असेल तर माप कळव, मी पाठवते. सूट बदललास तर खाली जाण्यासाठी कमरेला लावायची वजनंही बदलतील. ती दिवसाच्या उजेडात, उथळ पाण्यात तपासून घे.

तुझी,
आई