डॉ. लोर्ना विंग यांना, एका आईचं उशिरा आलेलं थँक्यू

प्रिय लोर्ना मॅडम,

ऑटिझमवर (स्वमग्नतेवर) आयुष्यभर काम करणाऱ्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ तुम्ही, 2014 मध्येच गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही हे कळतंय मला, पण बरेच दिवस मनात साचलंय म्हणून लिहून टाकते.

माझा मुलगा 9 वर्षांचा आहे आणि भयंकर बोलतो. लिफ्टमध्ये कोणीही अनोळखी माणूस दिसला की अगदी अंगाला चिकटून विचारणार, "तुमच्या घरचा पंखा तीन पात्यांचा की चार?" उत्तर मिळालं तरी पुन्हा तेच, समोरचा काय बोलतोय याच्याशी याला काही घेणंदेणं नाही. यामुळे झालं काय, की सुरुवातीला ज्यांना ज्यांना दाखवलं ते म्हणाले, अहो एवढा बडबड्या मुलगा, स्वतःहून माणसांजवळ जातो, याला कसला ऑटिझम, तुम्ही नोकरी करता ना, जरा वेळ द्या त्याला. झालं! फिरून आलं आईवरच. दोन वर्षं स्वतःला दोष देण्यात घालवली मी.

मग तुमचं काम वाचण्यात आलं. तोपर्यंत ऑटिझम म्हणजे अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये वर्णन केली तशी, माणसांपासून पार तुटलेली मुलं, तेवढीच मोजायचे, 10,000 मुलांमागे चार-पाच. तुम्ही आणि तुमच्या सहकारी ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागात ही व्याख्या बाजूला ठेवून ज्या ज्या मुलांना काही ना काही खास मदत लागत होती ती सगळीच बघितली, आणि 1979 मध्ये मांडलं की माणसांशी नातं, संवाद आणि कल्पनाशक्ती अशा तिन्ही बाबतीत अडणारी मुलं 10,000 मागे सुमारे 20 आहेत. त्यातही काही अलिप्त, काही कोणी खेळायला घेतलं तर खेळणारी पण आपणहून न जाणारी, आणि काही आपणहून जाणारी पण एकतर्फी, विचित्र वाटेल अशी. ही तिसरी ओळ वाचली आणि मी ताडकन उठून बसले, अहो हा तर आमचा पंखेवाला!

तुमच्या लेकीलाही ऑटिझम होता, तिची ती ट्रेनमधली गोष्टही वाचली. समोरच्या बाईचं बाळ खिडकीबाहेरच्या गाईमेंढ्या बोटाने दाखवत होतं, वळून आईकडे बघत होतं, आणि तुमच्या लक्षात आलं की आपली लेक असं कधीच करत नाही. तुम्ही स्वतः डॉक्टर, तरी पोटात गोळा आलाच ना? माझा मुलगा लहानपणी बोट दाखवायचाच नाही. पंखा लावायचा असला की माझं मनगट धरून ओढत न्यायचा आणि माझा हात बटणावर ठेवायचा, माझ्या तोंडाकडे न बघता, काठीने बटण दाबावं तसा. मला वाटायचं, काय हुशार आहे बाई!

आणि तुमच्या वेळचं तर विचारूच नका. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं म्हणायचे, 'रिफ्रिजरेटर मदर' असा शब्दच होता. तेव्हा तुम्ही नुसत्या चिडून बसला नाहीत, 1962 मध्ये इतर आईबापांना घेऊन संस्था काढली (आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी), 1965 मध्ये शाळाही सुरू झाली. मला सगळ्यात जास्त भावलं ते हे की तुम्ही आईबापांना आरोपी नाही, माहीतगार मानलंत. ऑटिझम ओळखायची तुमची ती डिस्को नावाची मुलाखत (नाव वाचून हसूच आलं), त्यात मूल तान्हं असल्यापासूनचं सगळं आईबापांनाच विचारतात, झोप कशी, खेळतो कसा, आवाज सहन होतो का, आणि त्यातून नुसतं लेबल नाही तर या मुलाला मदत नेमकी कुठे हवी ते बघतात. आमच्या असेसमेंटचा फॉर्म वेगळा होता, पण त्या ताईंनी पेन खाली ठेवून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. मी जी सुरू झाले ती दीड तास बोलत होते.

1981 मध्ये तुम्ही ॲस्पर्गरचं नाव पुढे आणलंत (व्हिएन्नाचे डॉक्टर ॲस्पर्गर यांच्यावरून, नीट बोलणाऱ्या, हुशार पण माणसांत अडणाऱ्या मुलांसाठी), ते अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या मॅन्युअलमधून 2013 मध्ये गेलं, सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच नावाखाली आलं. बरंच झालं म्हणते मी, तुमचंही म्हणणं सलग पट्ट्याचंच होतं, कप्प्यांचं नाही. काहींना ते नाव अजून जवळचं वाटतं, असो, त्यांचं त्यांच्यापाशी.

आता लिफ्टमध्ये मी माफी मागत नाही. "त्याला पंखे आवडतात, तुमचा किती पात्यांचा?" असं मीच विचारते, आणि बहुतेक लोक हसून सांगतात.

काल तुमचा फोटो दाखवला त्याला. लगेच प्रश्न, यांच्या घरी किती पात्यांचा? म्हटलं, अरे तिकडे थंडी असते, बहुतेक पंखाच नसेल. त्याला ते अजिबात पटलेलं नाही.

तुमची,
पंखेवाल्याची आई