कोडमधील नावांचा घोळ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

संगणकप्रणाली कोलमडल्याच्या बातमीत कारण म्हणून बहुधा 'तांत्रिक अडचण' एवढेच छापून येते. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली असून, ही अडचण पुष्कळदा गणिताची किंवा यंत्राची नसते, तर कोडमध्ये गोष्टींना दिलेल्या नावांची असते, असा माझा अनुभव आहे.

मी काम केलेल्या एका जुन्या प्रणालीत 'कस्टमर', 'क्लायंट' आणि 'पार्टी' असे तीन शब्द सर्रास वापरलेले होते. हिशेबाच्या भागात 'कस्टमर' म्हणजे पैसे भरणारी संस्था, तक्रारींच्या भागात त्याच नावाने फोन करणारी व्यक्ती. आणि 'पार्टी' हा शब्द ज्यांनी आणला ते केव्हाच नोकरी सोडून गेल्याने त्यांना काय अभिप्रेत होते हे कोणालाच सांगता येत नव्हते. नव्याने रुजू झालेल्या एका सहकारी मुलीने नाव सारखे दिसले म्हणून डेटाबेसमधली दोन टेबले (माहितीचे तक्ते) जोडली आणि देयके भलत्याच लोकांच्या नावे निघाली. चाचण्या पास झाल्या होत्या, कारण त्या लिहिणाऱ्याचाही तोच गैरसमज होता. ठपका मात्र तिच्यावर आला, हे मला आजही खटकते.

असे घोळ नामांकित प्रणालींतही आहेत. ६४ बिट विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' नावाच्या फोल्डरात ६४ बिटांच्या फायली असतात आणि ३२ बिटांच्या फायली 'सिसवॉव६४' मध्ये. कारण असंख्य जुन्या प्रोग्रामांत 'सिस्टिम३२' हा पत्ता जसाच्या तसा लिहिलेला होता. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या 'एचटीटीपी' नियमावलीत, वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या 'रेफरर' या इंग्रजी शब्दातले एक 'आर' गळाले, १९९६ च्या दस्तऐवजात ते तसेच नोंदले गेले आणि ही माहिती किती द्यायची हे ठरवणाऱ्या, पुढे आलेल्या 'रेफरर पॉलिसी'चे स्पेलिंग बरोबर असल्याने आज दोन्ही रूपे शेजारी नांदतात.

नावात एककाचा उल्लेख नसणे याहून घातक. 'टाइमआउट' (उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती मर्यादा) समोर ३० हा आकडा दिसला, तर ते सेकंद की मिलिसेकंद? 'टाइमआउट_मिलिसेकंद' असे लिहिले की प्रश्नच उरत नाही. १९९९ मध्ये नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' यान नष्ट झाले, कारण एका सॉफ्टवेअरने पौंड-सेकंदांत दिलेले आकडे पुढे न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. तिथे इतरही चुका होत्या. तरी आकड्याच्या नावातच एकक असते तर कोणी तरी थबकले असते, असे मला वाटते.

यावर सगळी नावे एका झटक्यात बदलण्याची सूचना प्रत्येक बैठकीत येते. मी तिच्या विरुद्ध आहे. एडिटर कोडमधली नावे क्षणात बदलतो, पण डेटाबेसचे रकाने, कॉन्फिगरेशनच्या फायली, जुने अहवाल आणि आपल्या प्रणालीवर विसंबलेले इतरांचे प्रोग्राम यांतली नावे त्याला दिसत नाहीत. त्यापेक्षा कोडच्याच रिपॉझिटरीत (सामाईक साठ्यात) एक साधी शब्दसूची ठेवावी, जिच्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ काय, काय नव्हे, आणि कोणती जुनी नावे त्याच अर्थाची आहेत हे एका-दोन ओळींत लिहिलेले असेल. त्याच अर्थाचे नवे नाव कोणी आणले तर ते रिव्ह्यूमध्येच (सहकाऱ्यांनी कोड तपासताना) अडवावे आणि जुने नाव 'डेप्रिकेटेड' (यापुढे वापरू नये) अशी खूण करून काही काळ चालू द्यावे.

नावातले शब्द अंडरस्कोरने (_) जोडावेत की मोठ्या अक्षराने, यावर मात्र तासन्‌तास वाद होतात, हे मला अनाकलनीय आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या २००१ पासूनच्या 'पेप ८' या लेखनसंकेतात फंक्शनच्या (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या) नावासाठी अंडरस्कोरची शिफारस आहे, तरी त्याच भाषेच्या 'लॉगिंग' मॉड्यूलमधले 'गेटलॉगर' हे नाव अजूनही मोठ्या 'एल'ने लिहिले जाते आणि त्याने कोणाचे काही बिघडलेले नाही. रूपाचे नियम लिंटर (कोडचे लेखन तपासणारा प्रोग्राम) सांभाळतो. अर्थ माणसांनाच ठरवावा लागतो.

शब्दसूचीची सुरुवात नव्याने आलेल्यांच्या पहिल्या आठवड्यातील प्रश्नांपासून करावी, कारण जुन्यांना घोळ दिसेनासा झालेला असतो. बाहेरच्यांकडून सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या संस्थांनीही करारात कोड आणि वापरपुस्तिकेबरोबर ही सूची मागून घ्यावी.

आपला,
एक प्रोग्रामर