आजव्याची पातळी रोज कळते, शहर किती पसरले ते कधी कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आम्हा बडोदेकरांना दोन आकडे तोंडपाठ असतात. शहराला पाणी देणारे आजवा सरोवर 211 फुटांवर गेले की 212 कडे डोळे लागतात आणि काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदी 26 फुटांना टेकली की घरोघर सामान माळ्यावर चढू लागते. भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत कुणालाही विचारा, आजची पातळी सांगेल. पण आलेले पाणी शहरात मुरणार किती आणि वाहणार किती, हे ज्यावर ठरते तो तिसरा आकडा कुणाच्याच तोंडी नाही. बडोद्याची किती जमीन आज छपरे, डांबर, सिमेंट आणि फरशी यांच्याखाली झाकली गेली आहे? दहा वर्षांपूर्वी ती किती होती, चाळीस वर्षांपूर्वी किती? हा आकडा दरवर्षी वॉर्डवार जाहीर व्हावा आणि आपण तो आजव्याच्या पातळीइतक्याच ठळकपणे छापावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

महानगरपालिकेची हद्द आणि बांधलेली जमीन यांत बहुतेक चर्चांमध्ये गल्लत होते. 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, वडदला, उंडेरा आणि करोडिया ही सात गावे शहरात आली आणि हद्द सुमारे 160 वरून 220 चौरस किलोमीटरवर गेली. साठ चौरस किलोमीटर वाढले ते कागदावर. त्या दिवशी एक वीटही रचली गेली नाही. हद्दीत आलेल्या जमिनीत उभी शेते होती, तलाव होते. उलट हद्द तीच असताना वाघोडिया रोड किंवा वासणा भागात वर्षानुवर्षे बांधकाम चालूच राहिले, त्याची नोंद हद्दीच्या आकड्यात कुठून दिसणार? हद्द सरकारी अधिसूचनेने एका रात्रीत वाढते. जमीन मात्र रोज थोडी थोडी झाकली जाते.

शहराचा विस्तार ही बडोद्याला नवी गोष्ट नाही. 1901 च्या जनगणनेत शहराची वस्ती एक लाखाच्या थोडी वर होती आणि लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट या चार दरवाजांच्या आत-बाहेर ती मावत होती. महाराज सयाजीराव तिसरे यांनी शहर कोटाबाहेर नेले, पण आधी पाण्याची सोय केली. 1892 पासून आजव्याचे पाणी शहराला मिळू लागले. काठावर कमाटीबाग असल्यामुळे नदीच्या दोन्ही अंगांना मोकळी जमीन राहिली. 1916 मध्ये तर पॅट्रिक गेडीस यांच्यासारख्या जगन्मान्य नगररचनाकाराने बडोद्याच्या विस्ताराविषयी दरबाराला अहवाल दिला. शहर वाढण्याआधी त्याच्या वाढीचा विचार करायचा, ही आपल्या गावाची रीत होती, म्हणून आज तिचा विसर पडलेला पाहून जास्त वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये विद्यापीठ झाले, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी आली, पाठोपाठ खते आणि पेट्रोकेमिकल. 1951 मध्ये दोन लाखांच्या वर असलेली वस्ती 1991 ला दहा लाखांवर आणि 2011 ला सुमारे सोळा लाख सत्तर हजारांवर गेली. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे सोडून आपली मराठी कुटुंबेही कारेलीबाग, मांजलपूर, गोत्रीकडे पसरली. आमच्या सासऱ्यांच्या पिढीसाठी गोत्री म्हणजे गावाबाहेर होती! आज तिच्याही पलीकडे भायलीत माझ्या मुलाचा फ्लॅट आहे. तेव्हा घरे बांधूच नका असे मी म्हणणार नाही. माणसे येतात, त्यांना छप्पर लागतेच.

पण जमीन झाकली की पाण्याचे काय होते, याचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येतो. मी भूगोल शिकवत होते, तेव्हा मुलांकडून तो करून घेत असे. एका एकरावर चार इंच पाऊस पडला की चार लाख लिटर पाणी होते. शेत असेल तर त्यातले बरेचसे पाणी जिरते, बांधाआड थांबते आणि उरलेले सावकाश ओढ्याला लागते. त्याच एकरावर स्लॅब, पार्किंग आणि आर.सी.सी. रस्ता झाला की जवळजवळ सगळे पाणी तासा-दोन तासांत गटारात उतरू पाहते. 31 जुलै 2019 ला चोवीस तासांत सुमारे वीस इंच कोसळला. एवढ्या पावसात शेतही भरून वाहते, हे मान्य. पण एरवीच्या चार-सहा इंचांच्या पावसात जे रस्ते तुंबतात, त्यांचा दोष ढगांना देता येत नाही.

शिवाय ही झाकाझाक फक्त नव्या स्कीममध्येच होत नाही. आमच्या सोसायटीचा कॉमन प्लॉट पूर्वी मातीचा होता. कडेला दोन कडुलिंब, मध्ये मुलांचे क्रिकेट, नवरात्रात गरबा. चिखल होतो, चपला भरतात, म्हणून सभेत ठराव झाला आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसले. ब्लॉकखाली सिमेंटचा थर, कडुलिंबांच्या बुंध्याला कडेपर्यंत सिमेंटचा चौकोन. पाठोपाठ बंगलेवाल्यांनी आपापल्या अंगणात फरशी घातली, कारण गाडी आत लावायची. आता अर्धा तास पाऊस झाला की सगळ्या प्लॉटचे पाणी गटाराच्या झाकणाजवळच्या एका जाळीकडे धावते, जाळीत पाने अडकतात आणि फाटकाशी घोटाभर पाणी साचते. बाहेरचा रस्ता दर डांबरीकरणात वर वर चढला आहे, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायलाही वाट नाही. एकही नवे घर न बांधता आमच्या सोसायटीत झाकलेली जमीन वाढली, आणि कुठल्याही नकाशात किंवा वेराबिलात (घरपट्टीच्या बिलात) त्याची खूण नाही. अशा सोसायट्या शहरात किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हे सगळे पाणी शेवटी जाते कुठे? कांसांमध्ये, म्हणजे शहरातल्या जुन्या नैसर्गिक नाल्यांमध्ये. छाणी-निझामपुऱ्याकडून येणारी भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावे नव्या पिढीला पूर आला की बातमीतूनच कळतात. या कांसांना आणि नदीकाठच्या कोतरांनाच (घळींनाच) शहराच्या पाण्याची वाट ठाऊक होती. कोतरांत भर पडली, कांस कुठे पाइपात कोंडली गेली, कुठे भिंतींमध्ये आवळली गेली. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि पाणी उतरायला दिवस लागले, तेव्हा समा, फतेहगंज, मुजमहुडा भागांतल्या लोकांनी काय सोसले ते आपण पाहिले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2021 मध्येच विश्वामित्रीच्या पूरक्षेत्राची आखणी करून अतिक्रमणे काढण्यास सांगितले होते. 2025 च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल-रुंद करण्याचे मोठे काम झाले, त्याचे मी मनापासून स्वागत करते. पण नदीकडे येणारे पाणी वर्षागणिक वाढत राहणार असेल, तर पात्र तरी किती वेळा खणायचे?

म्हणून आधी मोजायला हवे, आणि मोजणे आज अवघड राहिलेले नाही. 1972 पासूनची लँडसॅट उपग्रहाची छायाचित्रे फुकट मिळतात. 2015 पासून सेंटिनेल उपग्रह दहा मीटरपर्यंतचा तपशील देतो, त्यात आमच्या कॉमन प्लॉटएवढी जागाही ओळखता येते. आपल्या इस्रोचे भुवन संकेतस्थळ आहे. युरोपीय आयोगाने तर 1975 पासून दर पाच वर्षांचे साऱ्या जगाचे बांधीव क्षेत्राचे नकाशे खुले केले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत यासाठी एक सोपे गुणोत्तर आहे: शहराची जमीन ज्या वेगाने वापरली जाते, त्याला लोकसंख्यावाढीच्या वेगाने भागायचे. उत्तर एकपेक्षा जास्त आले तर माणसांपेक्षा जमीन जास्त वेगाने खर्ची पडते आहे. विद्यापीठात भूगोल विभाग आहे, महानगरपालिकेकडे अभियंते आहेत. दोघांनी मिळून हे काम करावे.

लोकसंख्येचा आकडा मात्र जुना आहे. 2011 नंतरची जनगणना लांबली, ती आता 2027 ची. तिच्या घरयादीत रिकामी घरेही नोंदली जातात आणि माझ्या मते तीच नोंद फार मोलाची ठरेल. भायली-सेवासीकडे संध्याकाळी फिरायला गेले तर इमारतीच्या इमारती अंधारात दिसतात. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या त्या फ्लॅटांत राहणारे कुणी नाही, पण त्यांच्या छपराचे आणि पार्किंगचे पाणी खालच्या गावाकडे वाहतेच आहे. राहत्या घरासाठी जमीन झाकणे मी समजू शकते, बंद दारांसाठी झाकलेली जमीन मला पटत नाही.

नव्या गावांत सगळे हातचे गेलेले नाही. टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, जमीनमालकाची साधारण चाळीस टक्के जमीन कपातीत जाते, ती रस्ते, बागा, शाळा यांच्यासाठी. त्याच जमिनीतून कांसेला तिची पूर्ण रुंदी आणि दोन्ही काठांवर मातीचा पट्टा मिळू शकतो, मात्र ते प्रारूपात आधी आखले तरच. प्रारूप जाहीर झाल्यावर हरकती-सूचनांना महिन्याभराची मुदत असते. ती जाहिरात कुठल्यातरी पानाच्या कोपऱ्यात येते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. या सात गावांतली प्रत्येक नवी टीपी जाहीर होईल, तेव्हा तिची मुदत, नकाशा पाहण्याचे ठिकाण आणि तिच्यातून वाहणाऱ्या कांसांची नावे आपण मराठीत पहिल्या पानावर द्यावीत. पहिली हरकत आमच्या सोसायटीतर्फे मी स्वतः लिहून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
कारेलीबाग, बडोदे