एकाच तारेवर तीन व्हीपीएन कशासाठी?

संपादक महोदय,

एका ब्रॉडबँडवर दोन-तीन व्हीपीएन (आपला डेटा गुंडाळून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे बोगदे) एकदम जोडले की वेग दुप्पट होतो, असे सांगणारे व्हिडिओ सध्या फिरत आहेत. १०० एमबीपीएसच्या तारेतून व्हीपीएन कितीही नेले, तरी ते त्याच १०० मध्ये वाटेकरी होतात आणि वर थोडे खातात. डेटा पॅकेटांच्या तुकड्यांत जातो; १५०० बाइटांच्या पॅकेटमध्ये वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीचे वेष्टणच ६० ते ८० बाइटांचे. एकाच्या पोटात दुसरा चालवला की आणखी तेवढेच. आतल्या व्हीपीएनचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १४२० वरून १३४० वर उतरवला नाही, तर मोठी पॅकेटे वाटेतच अडकतात. व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, बँकेचे पान मात्र अर्धे उघडून फिरत बसते. शिव्या बँकेला!

ठरावीक साइटकडचा मार्ग तुंबलेला किंवा मुद्दाम आवळलेला असेल, तर व्हीपीएनने फरक पडतो. त्यालाही एकच पुरतो.

बेरीज हवीच असेल, तर तारा, म्हणजे वेगळ्या जोडण्या, दोन हव्यात: फायबर आणि ५जी. शिवाय दोन्हींतून आलेली पॅकेटे पुन्हा जुळवणारा स्वतःचा सर्व्हरही हवा, शक्यतो मुंबईतला. ओपनएमपीटीसीपीराउटर हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम करते. पॅकेटे नुसती आलटून-पालटून पाठवू नयेत. फायबरला २० मिलिसेकंद आणि मोबाइलला ७० लागत असतील, तर क्रम बिघडतो, टीसीपी (पॅकेटे नीट पोहोचली का हे पाहणारा नियम) त्याला गळती समजून वेग उतरवतो आणि हाती एकट्या फायबरपेक्षा कमी पडते.

घरापुरते ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरवरील एमवॅन३ बरे; ते प्रत्येक कनेक्शन एकेका तारेवर वाटून देते. एक फाइल त्याने लवकर उतरणार नाही, पण एकाची मीटिंग आणि दुसऱ्याचे डाउनलोड वेगळ्या तारांवर जाईल. ४४३ पोर्टसाठी (सुरक्षित साइटी यावर चालतात) ‘स्टिकी’, म्हणजे एकाच तारेला चिकटून राहणे, चालू ठेवावे, नाहीतर ओटीपी टाकताना आयपी बदलतो आणि बँक बाहेर काढते.

विकतच्या व्हीपीएनमध्ये ‘इंडिया’ निवडताना सर्व्हर खरोखर कुठे आहे ते पाहावे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर अनेक परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. ‘इंडिया’ प्रत्यक्षात सिंगापुरात असेल, तर नागपूरहून मुंबईला जाणारा डेटाही समुद्र ओलांडून येतो.

या सगळ्याआधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. ३०० च्या प्लॅनवर आकडा ९४-९५ ला थांबला, तर पोर्ट १०० चा आहे किंवा केबलच्या आठपैकी एखादी तार टोकाच्या प्लगमध्ये नीट दाबली (क्रिंप) गेलेली नाही. केबलवर ठीक आणि वायफायवर रडतखडत असेल, तर राउटर कुठे आहे ते बघावे. आपल्याकडे मार्चपासून खिडकीत कूलर बसतो, आणि राउटर नेमका त्याच्या मागे असतो. पत्र्याची पेटी आणि टाकीतले पाणी यांतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जेमतेम निघतो.

– नेटवर्क जोडणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, नागपूर