कॉलम नंबर विचारणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुम्ही आधी रागावला असता आणि मग पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण माती मी चारचौघांतच खाल्ली होती.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे ती किती मजबूत आहे याची इंजिनिअरकडून तपासणी, महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी प्रमाणे करावंच लागतं. त्यातून इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं आत राहत असताना दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. मालकाचा इंजिनिअर सी-१ देतो, भाडेकरूंचा सी-२बी. हे इतकं नेहमीचं आहे की अशा परस्परविरोधी अहवालांसाठी पालिकेची तांत्रिक सल्लागार समितीच आहे, आमच्या भाषेत टॅक. आमच्यात मतभेद होणार हे सरकारनेही धरूनच ठेवलं आहे. ते कसे करायचे, एवढंच कुणी शिकवत नाही.

परळच्या त्या चार मजली इमारतीत मी भाडेकरूंच्या बाजूने होतो. मालकाच्या बाजूने आपल्याच इंजिनिअरांच्या ग्रुपवरचे एक ज्येष्ठ सर. त्यांचा सी-१ चा अहवाल हातात आला त्या सकाळी मी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ग्रुपवर लिहिलं, की काही जणांना सी-१ किती स्क्वेअर फुटांना पडतो ते आम्हाला माहीत आहे. वर इमारतीचं नाव आणि दोन फोटो. म्हणजे मालकाकडून जागा घेऊन अहवाल विकला. आपल्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. दादरला उतरेपर्यंत ग्रुपचे दोन तट पडले होते. कुणी माझ्या वयावर घसरलं, कुणी त्यांच्या गाडीवर. कॉंक्रीटबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

मग तुमचा फोन आला. मला वाटलं आता सभ्यतेवर प्रवचन. तुम्ही एवढंच विचारलंत, "अरे, हॅमर कुठल्या कॉलमवर मारलास?"

हॅमर म्हणजे कॉंक्रीटची ताकद अजमावायचा रिबाउंड हॅमर, आणि कॉलम म्हणजे इमारतीचे खांब. मी सांगितलं. दर्शनी बाजूचे सहा.

"आणि त्यांनी?"

मला माहीत नव्हतं. त्यांचा अहवाल मी शेवटच्या पानावरून वाचला होता, वर्ग बघण्यापुरता. तुम्ही फोन न ठेवता मला जोडपत्र उघडायला लावलंत. त्यांचे कॉलम मागच्या, संडासाच्या बाजूचे होते. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीत पाणी मुरून सळ्या आधी तिथेच गंजतात, हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवतो! आम्ही दोघं एका इमारतीच्या दोन टोकांना उभे राहून भांडत होतो.

माझ्या आकड्यांतली खोटही तुम्हीच काढलीत. जुन्या कॉंक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरल्याने, कडक होतो आणि रिबाउंड हॅमर आतल्या ताकदीपेक्षा जास्त आकडा दाखवतो. शिवाय आयएस १३३११ या जुन्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागातच लिहिलं होतं की या हातोड्यावरून काढलेला ताकदीचा अंदाज २५ टक्के इकडचा तिकडे असू शकतो. एवढ्या हलत्या आकड्याच्या जोरावर मी एका माणसाच्या सचोटीचा निकाल लावला होता.

खरी लाज दुपारी वाटली. कुणीतरी माझा मेसेज पुढे पाठवला आणि तो रहिवाशांपर्यंत पोचला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी फोन करून विचारलं, "घर पडणारे का रे? खरं सांग." मी मेसेज काढून टाकला, पण तोवर स्क्रीनशॉट गावभर झाले होते.

संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं, सरांना खाजगीत सॉरी म्हणतो. तुम्ही म्हणालात, "शिवी चौकात दिलीस, माफी बोळात नको." आणि वर, माफीत ‘पण’ आला तर परत लिही. मी तीनदा परत लिहिली. तिसऱ्या खेपेलाही तुम्ही एक ‘तरीही’ खोडलात. तेव्हा मला तुमचा राग आला होता, हेही सांगून टाकतो.

सरांनी ग्रुपवर काही उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा मला थेट मेसेज आला: शनिवारी दहा वाजता साइटवर, प्लॅन घेऊन ये. सोबत प्लॅनचा फोटो, त्यांचे कॉलम लाल पेनाने, माझे कोरे.

गेलो. संडासाच्या बाजूला त्यांनी छिन्नीने ताजा तुकडा काढला, फिनॉल्फ्थॅलीन टाकलं. कार्बोनेशन पोचलेलं नसेल तिथे ते गुलाबी होतं; पोचलं असेल तिथे रंग येत नाही आणि सळी गंजायला मोकळी. गुलाबी रंग सळीच्या मागेही आला नाही. ते एक शब्द बोलले नाहीत. मग पुढच्या बाजूला आलो आणि त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. तिथे वरचा पापुद्रा सोडला तर आत छान गुलाबी.

मत अजून एक झालेलं नाही. मी सी-२बी वरून सी-२ए वर आलोय, ते सी-१ वरच आहेत. टॅकपुढे दोघंही जाऊ, पण आता दोन्ही अहवालांना एकच प्लॅन जोडलेला आहे आणि कॉलमचे नंबरही तेच.

तुमचा,
दर्शनी बाजूचे सहा कॉलमवाला