दुसरा पासपोर्ट, पण पहिला सोडून

जर्मन नागरिकत्वाच्या बदललेल्या नियमांवरील लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. ‘आता दोन्ही देशांचे पासपोर्ट ठेवता येतील’ हे त्यातील वाक्य भारतीयांपुरते दिशाभूल करणारे आहे.

जर्मनीने २७ जून २०२४ पासून वास्तव्याची अट आठवरून पाच वर्षांवर आणली आणि मूळ नागरिकत्व सोडण्याची सक्तीही काढली, हे खरे. (तीन वर्षांतच नागरिकत्व मिळण्याची खास सवलत मात्र २०२५ मध्ये रद्द झाली.) पण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ जागेवरच आहे. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर मिळणारे ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्ड म्हणजे नावात ‘सिटिझन’ असले तरी आजन्म व्हिसाच. मतदानाचा हक्क त्यात नाही.

माझी भाची सहा वर्षे म्युनिकला आहे. नागरिकत्वासाठी लागणारी बी-१, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन तिला येते. नागरिकत्वाच्या चाचणीत ३३ पैकी १७ उत्तरे बरोबर लागतात. तिची ती उत्तरे पोळ्या लाटता लाटता पाठ झाली. तरी अर्ज टेबलाच्या खणात पडून आहे. कारण सांगलीजवळचे शेत. ओसीआयधारकाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण बांधापलीकडचा तुकडा विकायला निघाला तर तो विकत घेता येत नाही. बर्लिनने दार उघडले म्हणून दिल्लीचे उघडे राहत नाही, एवढे तरी लेखात यायला हवे होते.

– एक वाचक, मिरज