गाडी दुरुस्त झाली, काळजी नसावी

पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणखाण, ऑफिस सगळं फोनवर कळतंच, म्हणून ते लिहीत नाही. ताईनं घरी काय सांगितलं कोण जाणे, पण "पोरीच्या गाडीचे ब्रेक गेले" म्हणून आई रात्रभर जागी होती असं कळलं. आई, ब्रेक गेले नव्हते. ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, दिव्यांची वायरिंग वेगळी असते. मागचे लाल दिवे विझत नव्हते, एवढंच झालं होतं. मात्र दिवे सारखे लागलेले असले की आपण ब्रेक कधी दाबला ते मागच्याला कळत नाही, म्हणून दुरुस्ती तातडीची होती.

पोलिसानं थांबवलं तेही त्यासाठीच. आता इथली रीत ऐका. आपल्याकडे व्हरायटी चौकात शिट्टी वाजली की आपण गाडी बाजूला लावतो, उतरतो आणि कागद घेऊन साहेबांकडे जातो. बसून राहिलं तर तो उद्धटपणा. इथं उतरायचंच नाही! पोलीस मागून लाल-निळे दिवे लावून येतो. आपण गाडी उजवीकडे घ्यायची, काच खाली करायची, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा आणि दोन्ही हात त्याला दिसतील असे स्टिअरिंगवर ठेवायचे. लायसन्ससाठी पर्समध्ये हात घालायचा तरी आधी सांगायचं. इथं कोणाच्याही गाडीत बंदूक असू शकते, म्हणून त्याला आपले हात दिसायला हवेत. आई, घाबरू नको. तो नीट बोलला, दिवे दुरुस्त करा म्हणाला आणि लेखी ताकीद देऊन गेला. दंड नाही.

गॅरेजमध्ये का नेली नाहीस, असं बाबा विचारतील. इथं मजुरी तासाच्या हिशेबानं लागते, आणि दोष कुठं असेल याचा मला अंदाज आला होता. मागे तीन लाल दिवे असतात, दोन बाजूंना आणि एक वर मध्यभागी. हा तिसरा इथं 1986 च्या मॉडेलपासून कारला सक्तीचा आहे. किल्ली काढल्यावरही तिन्ही पेटलेले, म्हणजे बल्बचा प्रश्न नाही. तिघांना करंट देणारा स्विच ब्रेकच्या पेडलपाशी असतो. सीट मागे सारून टॉर्च घेऊन वाकले, तर मॅटवर प्लास्टिकचा चुरा पडलेला.

पेडलच्या दांड्याला एक भोक असतं, त्यात नखाएवढी टोपी बसवलेली असते. पाय उचलला की ती टोपी स्विचचं बटण दाबून धरते आणि दिवे विझतात. जुनी गाडी, टोपीचा भुगा झाला होता आणि बटण भोकातून आरपार गेलं होतं. गाडीची पाठ भिंतीकडे होती. बोटानं बटण दाबलं तर भिंतीवरचा लाल उजेड गेला, सोडलं की पुन्हा आला. म्हणजे स्विच चांगला, वायरीही चांगल्या. रात्री बॅटरी उतरू नये म्हणून दहा नंबरच्या पान्यानं तिची निगेटिव्ह वायर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी थोडक्या डॉलरांत नवीन टोपी मिळाली, ती बोटानंच दाबून बसवली. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर 'पी'वरून, म्हणजे पार्किंगवरून, हलत नाही ना, तेही पाहिलं. बाबा, तुम्ही अंगणात चेतक उघडून मला टॉर्च धरायला लावायचे. करंट कुठपर्यंत पोचला ते आधी बघ, मग पाना लाव, हे तुमचंच शिकवणं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे टाकले आहेत. लेन्स चांगली घ्या, स्वस्तातली नको. लोनचा हप्ताही गेला. मला यायचंच होतं बाबा, पण व्हिसाचे कागद अडकलेत, आता बाहेर पडले तर परत येणं अवघड. ताई डोळ्यांत थेंब टाकेल. तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथं हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, मी जागीच असते. रोज त्या वेळेला व्हिडिओ कॉल करीन, पट्टी काढतानाही.

अमरावतीच्या स्थळाचा फोटो पाहिला. काकूंना नाही म्हणू नका, पण पत्रिकेआधी मुलाशी मी स्वतः बोलेन. मी एकटी राहते, गाडी चालवते, नोकरी सोडणार नाही, हे त्यांना आताच सांगा, नंतर नको. आणि पुढच्या महिन्याच्या पैशांतून गच्चीवरचे पत्रे बदलून घ्या. आई, त्यासाठी माणूस लाव, बाबांना शिडीवर चढू देऊ नको.

तुमची,
छोटी